हिरमोडाची भरपाई : जहाजसहलीच्या इतिहासातील एक बाजू

जहाजसहल म्हणजे कुठे पोहोचण्याची निकड नसताना, केवळ आनंदासाठी केलेला समुद्रप्रवास. तिकीट काढून जहाजावर चढणारे सगळे उतारूच. पण कामासाठी जाणाऱ्याचा आणि सहलीला निघालेल्याचा व्यवहार मुळातच वेगळा असतो. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या आगबोटीच्या डेकवर वळकटी पसरून बसलेल्या चाकरमान्याला रात्रभर बोट लागली, पावसाच्या सरींनी अंथरूण भिजले, तरी पहाटे पडावातून गावच्या बंदरात पाय टेकले की भाड्याचे पैसे वसूल झालेले असत. सहलीचा उतारू ज्या बंदरातून निघतो, बहुधा तिथेच परत येतो. त्याने विकत घेतलेले असतात ते मधले दिवस. ते दिवस वाया गेले तर त्याच्या पदरात काहीच उरत नाही. जहाजसहलीतील अपेक्षाभंग हा म्हणूनच किरकोळ कुरकुरीचा विषय नव्हे. सहलीची चाल पडली तेव्हापासून तो तिच्या सोबत आहे, आणि त्याला पैशांत मोजता येणारे नुकसान म्हणून मान्यता मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

या चालीची सुरुवात टपालाच्या जहाजांतून झाली. ब्रिटनमधील ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’ म्हणजे पी. अँड ओ. या कंपनीकडे पोर्तुगाल, स्पेन आणि पुढे इजिप्तपर्यंत सरकारी टपाल नेण्याचे कंत्राट होते. जहाजे ठरल्या दिवशी सुटत, पण खोल्या रिकाम्या राहत. त्या भरण्यासाठी कंपनीने 1844 मध्ये कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे याला फुकट प्रवास देऊ केला. त्याने प्रवासवर्णन लिहावे आणि लोकांना पूर्वेकडील सफरीची गोडी लागावी, हा त्यामागचा हेतू. थॅकरेने पुस्तक लिहिले आणि ते 1846 मध्ये प्रसिद्धही झाले. मात्र त्याने जे भोगले तेच लिहिले. बिस्केच्या उपसागरात लागलेली बोट त्यात आहे, आणि शाळेत ज्या अथेन्सची थोरवी घोकून घेतली गेली, ते शहर प्रत्यक्षात पाहताना झालेला विरसही आहे. जाहिरातीसाठी लिहवून घेतलेल्या या पहिल्याच मोठ्या पुस्तकात निराशेची पाने आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

केवळ सहलीसाठी भाड्याने घेतलेले जहाज, आधी छापलेला कार्यक्रम आणि सगळ्यांसाठी एकच दर, अशी आजच्या जहाजसहलीशी मिळतीजुळती पहिली मोठी सफर अमेरिकेतून 1867 मध्ये निघाली. ‘क्वेकर सिटी’ हे 1854 मध्ये बांधलेले, बाजूच्या चाकांवर चालणारे वाफेचे जहाज. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते उत्तरेकडील नौदलाच्या सेवेत होते. युद्ध संपल्यावर कप्तान चार्ल्स डंकन याने ते घेऊन भूमध्य समुद्र आणि पवित्र भूमी, म्हणजे पॅलेस्टाइन, अशी पाच महिन्यांची सफर आखली. ब्रुकलिनमधील प्लिमथ चर्चचा या योजनेशी निकटचा संबंध होता. भाडे होते 1,250 डॉलर, आणि किनाऱ्यावरील खर्चासाठी रोजचे पाच डॉलर सोन्यात वेगळे ठेवावेत अशी सूचना होती. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. अर्ज केलेल्या प्रत्येकाला घेतले जाईल असेही नव्हते. उतारूंची निवड एक समिती करणार होती. माहितीपत्रकात ग्रंथालय, वाद्ये, अनुभवी डॉक्टर यांची हमी होती. त्याहून मोठे आकर्षण म्हणजे सोबतीला येणारी माणसे. प्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर आणि युद्धात गाजलेले सेनापती विल्यम शर्मन या सफरीत असतील, असे सांगितले गेले होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या वृत्तपत्राने आपल्या एका एकतीस वर्षांच्या बातमीदाराचे भाडे भरले. सॅम्युएल क्लेमेन्स हे त्याचे नाव. मार्क ट्वेन या नावाने तो लिहू लागला होता. सफरीतून पत्रे पाठवायची, हा करार.

निघण्यापूर्वीच बीचर गळाले. मग शर्मन यांनीही नकार कळवला. 8 जून 1867 रोजी जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून हलले, पण बाहेर वादळ असल्याने बंदराच्या तोंडाशीच दोन दिवस नांगर टाकून बसले. जहाजावरचे उतारू सत्तरच्या आसपास होते. त्यांतले बरेचसे वयस्क, सधन आणि कडक धार्मिक वळणाचे. ट्वेनच्या लेखनानुसार रोज संध्याकाळी प्रार्थनासभा भरे, आणि हलत्या डेकवर नाच करण्याचे प्रयत्न लवकरच सोडून द्यावे लागले. नाचगाणी, गप्पा आणि रात्रीची जाग या कल्पनेने आलेल्या तरुणांच्या आणि तीर्थयात्रेच्या भावनेने आलेल्या वडीलधाऱ्यांच्या अपेक्षा एका जहाजात मावेनात. सीरियातील मुक्कामात तर रविवारी प्रवास करायचा नाही या हट्टापायी तीन दिवसांची घोड्यावरची वाट दोन दिवसांत तुडवली गेली. थकल्याभागल्या घोड्यांच्या त्या हालांबद्दल ट्वेनने मनापासून चिडून लिहिले आहे.

त्या उन्हाळ्यात इटलीत पटकीची साथ होती. नेपल्सला जहाज क्वारंटाइनमध्ये अडकले. पुढे अथेन्सच्या पिरीयस बंदरात तेच झाले: अकरा दिवस जहाजातच थांबा, नाहीतर निघून जा, असा हुकूम आला. ज्यांनी अथेन्स पाहण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली होती, त्यांना ॲक्रोपोलिस दुर्बिणीतून पाहावे लागले. ट्वेन आणि आणखी तिघे रात्री लपूनछपून किनाऱ्यावर उतरले आणि चांदण्यात पार्थेनॉन पाहून पहाटेच्या आत परतले. पकडले गेले असते तर तुरुंगवास होता. बाकीच्यांच्या वाट्याला अथेन्स आलेच नाही. दुसऱ्या दिवशी जहाज कॉन्स्टँटिनोपलकडे वळले. सफरीत चांगले क्षणही होते. याल्टाला रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याने या उतारूंचे घरच्यासारखे स्वागत केले, आणि जेरुसलेम पाहिल्याचे समाधान अनेकांना आयुष्यभर पुरले असणार.

19 नोव्हेंबर 1867 रोजी जहाज न्यूयॉर्कला परतले. दुसऱ्याच दिवशी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये ट्वेनचे पत्र छापून आले. आनंदयात्रेऐवजी ही अंत्ययात्राच होती, असा त्याचा सूर होता. सहप्रवासी दुखावले. याच पत्रांतून 1869 मध्ये ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक तयार झाले, आणि ट्वेनच्या हयातीत त्याच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ते अधिक खपले. (हाच लेखक 1896 च्या जानेवारीत व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईला आला आणि वॉटसन हॉटेलात उतरला.) एक नाराज उतारू म्हणून ट्वेनचे महत्त्व मोठे आहे. जाहिरातीतील नावे ऐनवेळी गळणे, सोबत न जमणे, साथीच्या रोगामुळे बंदर हुकणे, पैसे आधी भरलेले असल्यामुळे मधेच सोडूनही जाता न येणे, ही आजच्या तक्रारअर्जांतही आढळणारी कारणे त्याने पहिल्याच सफरीत नोंदवून ठेवली. त्या उतारूंपैकी कोणी कप्तानाकडे पैसे परत मागितले असते, तर त्या काळच्या कायद्याने त्यांना फारसे काही दिले नसते. ते का, हे पुढे येईल.

सहलीला नियमित धंद्याचे रूप दिले जर्मनीच्या आल्बर्ट बालिन याने. हॅम्बुर्ग–अमेरिका या त्याच्या कंपनीची मोठी जहाजे हिवाळ्यात अटलांटिकवर जवळजवळ रिकामी धावत. 22 जानेवारी 1891 रोजी त्याने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या दोन महिन्यांच्या सफरीला काढले आणि स्वतः सोबत गेला. प्रयोग यशस्वी झाला. त्यातूनच 1900 मध्ये ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे केवळ सहलीसाठी बांधलेले पहिले जहाज पाण्यात उतरले. त्यात फक्त पहिल्या वर्गाच्या खोल्या होत्या. डिसेंबर 1906 मध्ये जमैकाच्या किनाऱ्याजवळ दीपगृह ओळखण्यात चूक झाली आणि ते खडकावर चढले. उतारू सगळे सुखरूप उतरले. कप्तानाने मात्र आपल्या खोलीत जाऊन स्वतःला गोळी घालून घेतली. उतारूचा विरस आणि जहाजावरच्या माणसाचे आयुष्य यांच्यातले अंतर या घटनेत फार कठोरपणे दिसते.

दोन महायुद्धांच्या मधला काळ इथे थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत दारूबंदी असताना हद्दीबाहेर समुद्रात जाऊन परत येणाऱ्या स्वस्त सफरी निघाल्या, आणि 1930 नंतरच्या मंदीत अनेक कंपन्यांनी मोठी जहाजे सहलीला लावून कसाबसा खर्च भागवला.

खरा बदल 1958 मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाल्यावर झाला. आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला आणि पोहोचण्यासाठी जहाजाने जाण्याचे कारणच संपले. रिकाम्या पडलेल्या जहाजांना सहलीचे काम देण्यात आले, पण ती त्यासाठी बांधलेली नव्हती. उत्तर अटलांटिकच्या थंडीसाठी तयार केलेल्या जहाजांना कॅरिबियन समुद्रातला उकाडा सोसेना; खोल्या लहान, स्वच्छतागृहे सामाईक, आणि खोल तळामुळे लहान बंदरांत शिरता येत नसे. टेड ॲरिसन याने ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ हे असेच जुने जहाज घेतले, त्याचे नाव ‘मार्डी ग्रा’ ठेवले आणि 11 मार्च 1972 रोजी मायामीहून पहिल्या सहलीला काढले. जहाजावर तिकिटे विकणारे शेकडो एजंट पाहुणे म्हणून होते. बंदराबाहेर पडताच जहाज वाळूत रुतले आणि सुमारे चोवीस तास तिथेच बसले. त्या फसलेल्या सुरुवातीतून ‘कार्निव्हल’ ही जगातील सर्वांत मोठी सहल-जहाज कंपनी उभी राहिली. पुढे 1977 पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘द लव्ह बोट’ ही मालिका सुरू झाली आणि जहाजावरच्या सुट्टीत प्रेम, हास्य आणि सुखान्त मिळतोच, अशी प्रतिमा घरोघर पोहोचली. अपेक्षा एवढी उंच गेल्यावर तिच्या भंगाचा आवाजही मोठा होणार, हे ओघानेच आले.

आता कायद्याकडे वळायला हवे, कारण उतारूच्या हिरमोडाला किंमत आली ती न्यायालयात. इंग्लिश कायद्याची जुनी भूमिका 1875 च्या एका रेल्वे खटल्यात स्पष्ट दिसते. हॅम्प्टन कोर्टला निघालेले एक कुटुंब रात्री चुकीच्या मार्गावरच्या एशर स्थानकावर उतरवले गेले आणि पावसात काही मैल चालत घरी गेले. शरीराला झालेल्या त्रासाबद्दल भरपाई मिळाली. पण नुसता मनस्ताप, चीड आणि निराशा यांना कराराच्या कायद्यात जागा नाही, असे न्यायाधीशांनी बजावले. हा नियम व्यापाराच्या दृष्टीने समंजस होता. कापसाच्या गाठी उशिरा आल्या तर व्यापाऱ्याला नफ्यातले नुकसान मिळावे, त्याच्या चिडचिडीचे पैसे कशाला? अडचण अशी की सुट्टी विकणारा धंदा तेव्हा नुकता जन्माला येत होता, आणि त्यात माल म्हणजे मनाचा आनंद हाच होता.

जवळजवळ शंभर वर्षांनी हा नियम वाकला. एका इंग्लिश वकिलाने 1969 च्या नाताळात स्वित्झर्लंडमधील पंधरा दिवसांची सुट्टी 63 पौंड 45 पेन्सला घेतली होती. माहितीपत्रकात घरगुती मेजवानीचे वातावरण, केक, योडेल गाण्याची संध्याकाळ असे सगळे होते. पहिल्या आठवड्यात हॉटेलात तेरा पाहुणे होते; दुसऱ्या आठवड्यात हा एकटाच, आणि मालकाला इंग्रजी येत नव्हते. केकच्या जागी बटाट्याचे वेफर्स आणि कोरड्या वड्या मिळाल्या. गाण्याच्या संध्याकाळी एक स्थानिक माणूस कामाच्या कपड्यांतच आला, चार-पाच गाणी झटपट म्हणून निघून गेला. खालच्या न्यायालयाने निम्मे पैसे देवविले. 1972 मध्ये अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी ती रक्कम 125 पौंडांवर नेली, म्हणजे भरलेल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट. करमणूक आणि आनंद देण्याचाच करार असेल तर तो न मिळाल्याने झालेली निराशा हेच नुकसान होय, हे तत्त्व त्यातून रुजले. वर्षातून पंधरा दिवसांचीच सुट्टी मिळणाऱ्या नोकरदार माणसाचे दुःख न्यायालयाला समजले, म्हणून हा निकाल मोलाचा आहे.

समुद्रावर या तत्त्वाची कसोटी लागली ती एका बुडालेल्या जहाजामुळे. ‘मिखाईल लेर्मोन्तोव्ह’ हे सोव्हिएत जहाज 7 फेब्रुवारी 1986 रोजी सिडनीहून न्यूझीलंडच्या चौदा दिवसांच्या सफरीला निघाले. 16 फेब्रुवारीला संध्याकाळी, स्थानिक बंदर-पायलटच्या मार्गदर्शनाखाली, ते केप जॅक्सन आणि त्यापुढील दीपगृह यांच्यामधल्या अरुंद, उथळ पाण्यातून नेले गेले आणि खडकावर आदळून तळ फाटला. काही तासांत, रात्री, ते पोर्ट गोर इथे बुडाले. जहाजावर सातशेहून अधिक माणसे होती. जवळपासच्या जहाजांनी आणि होड्यांनी त्यांना उचलले; एक रशियन खलाशी मात्र मृत्युमुखी पडला.

या जहाजावरच्या एका उतारू महिलेचा दावा ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, तिथल्या हाय कोर्टापर्यंत गेला. 10 फेब्रुवारी 1993 च्या निकालात दोन प्रश्नांचा निवाडा झाला. पहिला प्रश्न भाड्याचा. तिने 2,205 डॉलर भरले होते. न झालेल्या दिवसांचे 787 डॉलर 50 सेंट कंपनीने परत केले होते. उरलेलेही मिळावेत, ही तिची मागणी. न्यायालयाने ती नाकारली, कारण बुडण्यापूर्वीचे आठ दिवस तिने सहलीचा लाभ घेतला होता. दुसरा प्रश्न निराशेचा आणि मनस्तापाचा. त्याबद्दल खालच्या न्यायालयाने दिलेले 5,000 डॉलर कायम राहिले. विश्रांती आणि आनंद हाच ज्याचा विषय, त्या करारात निराशेची भरपाई मिळते, हे इथे सर्वोच्च पातळीवर मान्य झाले. भाड्याबाबतचा निर्णय तर्काला धरून असला तरी खटकतो. सामानसुमान समुद्रात गमावून लाइफबोटीत बसलेल्या माणसाच्या मनात आधीचे आठ दिवस आनंदाचे म्हणून कितपत उरत असतील?

कंपन्यांनीही आपली बाजू तिकिटावर बारीक अक्षरांत छापून ठेवली होती. बंदर बदलण्याचा, वगळण्याचा, मार्ग फिरवण्याचा हक्क कप्तानाकडे राहतो, असे कलम जवळपास प्रत्येक तिकिटावर असते. हवामान आणि माणसांची सुरक्षितता पाहता हा अधिकार त्याच्याकडेच हवा. वेळापत्रकाच्या दडपणाखाली जहाज बंदरात घुसवणे जिवावर बेतू शकते. पण याच कलमाच्या आडोशाने यंत्रातील बिघाड आणि व्यवस्थेतील ढिलाईही खपवली जाऊ शकते, आणि खरे कारण कोणते हे खोलीत बसलेल्या उतारूला कळत नाही. दुसरे कलम खटल्याच्या जागेचे. अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यातील एक महिला जहाजावर घसरून जखमी झाली. तिकिटावर छापल्याप्रमाणे दावा फ्लोरिडातच लावावा लागेल, असा कौल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला. एवढ्या दूर जाऊन भांडण्याची ऐपत सामान्य उतारूला क्वचितच असते.

तरीही तक्रारी वाढत गेल्या आणि जहाजे जितकी मोठी झाली तितक्या त्या ठळकही झाल्या. डिसेंबर 1994 मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ 2’ हे नामांकित जहाज दुरुस्ती अपुरी असतानाच साउदॅम्प्टनहून नाताळच्या सफरीला निघाले. शेकडो उतारूंना खोल्या तयार नसल्याने मागेच राहावे लागले. जे गेले त्यांना नळांचे बिघाड आणि अर्धवट सुतारकाम यांच्यात दिवस काढावे लागले. कंपनीला मोठी भरपाई द्यावी लागली. 2003 च्या शरदात ‘ऑरोरा’ जहाजावर शेकडो उतारूंना नोरोव्हायरसचे उलट्या-जुलाब सुरू झाले. ग्रीसने त्यांना पिरीयसला उतरू दिले नाही. पुढे जहाज जिब्राल्टरला लागले तेव्हा स्पेनने आपली सीमाच बंद केली. ‘क्वेकर सिटी’ला जिथे अडवले गेले त्याच बंदरात, 136 वर्षांनी, तेच घडले. तेच जहाज 2005 च्या जानेवारीत जगप्रदक्षिणेला निघाले. यंत्रणेतील दोषामुळे कित्येक दिवस ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच घुटमळत राहिले आणि शेवटी सफर रद्द झाली.

आनंदाची किंमत किती, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ‘क्वीन व्हिक्टोरिया’च्या 2008 च्या पहिल्या जगप्रदक्षिणेत एका वयस्क ब्रिटिश दांपत्याच्या खोलीत खवळलेल्या समुद्रात पोलादी पत्र्यांचा सतत खडखडाट होई. झोप अशक्य झाली आणि ते होनोलुलूला उतरून गेले. पहिल्या न्यायालयाने सुमारे 22,000 पौंड दिले. 2010 मध्ये अपील न्यायालयाने ते 12,000 वर आणले. जिवलगाच्या मृत्यूबद्दल कायदा ठरावीक आणि मोजकी रक्कम देतो, तिथे बिघडलेल्या सुट्टीला भरमसाट पैसे देता येणार नाहीत, असा त्यामागचा विचार होता. युरोपात 2002 मध्ये युरोपीय न्यायालयाने सुट्टीतला हरवलेला आनंद हे भरपाईयोग्य नुकसान मानले होतेच. अमेरिकेत वेगळ्या वाटेने बदल झाला. फेब्रुवारी 2013 मध्ये ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनखोलीत आग लागली, वीज गेली, आणि तीन हजारांवर उतारू चार दिवस तुंबलेल्या शौचालयांच्या दुर्गंधीत मेक्सिकोच्या आखातात तरंगत राहिले; जहाज ओढून मोबाइल नावाच्या बंदरात आणले गेले. जगभर गवगवा झाला, आणि मे महिन्यात जहाज कंपन्यांच्या संघटनेने उतारूंच्या हक्कांची सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा, मधेच संपली तर अंशतः, अशी आश्वासने त्यात आहेत.

भारतात सहलीच्या जहाजांचा धंदा तरुण आहे. मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाले आणि मोठ्या जहाजांच्या नियमित सफरीही मुंबईहून निघू लागल्या. ग्राहकाचे संरक्षण मात्र त्याआधीच उभे राहिले होते. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. आणि ऑस्ट्रेलियातील त्या निकालाच्याच वर्षी, 1993 मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मानसिक त्रासाबद्दलही ग्राहकाला भरपाई देता येते, हे स्पष्ट केले. 2019 च्या नव्या कायद्याने आणखी एक सोय दिली. ग्राहक जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही त्याला तक्रार दाखल करता येते. जहाज मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेले असो वा कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असो, सातारा किंवा चंद्रपूरच्या उतारूला आपल्या जिल्ह्याच्या गावीच अर्ज देता येतो.